गड आला, पण गुडघा गेला

सोमवारी सकाळी बँकेत पाऊल टाकून "काल सिंहगडावर गेलो होतो" असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. पूर्वी हे वाक्य उच्चारले की समोरचा माणूस "वा! दही खाल्लंत का?" असे विचारी. फार तर "वर ढग होते का?" हा दुसरा प्रश्न. दोन्ही प्रश्न माणुसकीचे होते. हल्ली पासबुक भरून देणाऱ्या मुलापासून मॅनेजरसाहेबांपर्यंत सगळे एकच प्रश्न विचारतात.

"किती वेळात?"

हा लेख त्या प्रश्नाविरुद्ध आहे. सुरुवातीलाच कबूल करून टाकतो की हा प्रश्न मी स्वतः दोन वर्षे दिसेल त्याला विचारीत होतो. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, या न्यायाने या विषयावर बोलायचा अधिकार मला पोचतो.

सिंहगड चढायची खरी घाई असलेली माणसे इतिहासात होऊन गेली, नाही असे नाही. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे रात्री कडा चढून वर गेले, तेव्हा एकेक घटका मोलाची होती. त्यांना वर निकडीचे काम होते. आम्हांला काय होते? खाली उतरून दुधाच्या पिशव्या आणायच्या होत्या. त्याच गडावर लोकमान्य टिळकांचा बंगला आहे. लोकमान्य तिथे विश्रांतीसाठी जाऊन राहत. एवढा कामाचा माणूस, सबंध ब्रिटिश साम्राज्य अंगावर घेतलेला, पण डोंगरावर गेला की विश्रांती घेई. त्यांना "किती वेळात?" असे विचारायची कोणाची छाती झाली असती, असे वाटत नाही. आमच्यावर अंगावर घेतलेले काय, तर काउंटर नंबर तीन. आणि आम्ही मनगटावरच्या घड्याळात ठोके मोजत, शेजारून काठी टेकत जाणाऱ्या आजोबांना "साइड, साइड" करत वर धावतो.

या पंथाची दीक्षा मला माझ्या मेहुण्याने दिली. मेहुणा वयाने माझ्याहून आठ वर्षांनी लहान आणि उत्साहाने पंचवीस वर्षांनी. त्याची भाषा निराळी आहे. एकदा तो म्हणाला, "दाजी, शनिवारी रात्री केटूएस करतोय." के-टू हे ८६११ मीटर उंचीचे शिखर आहे हे मला माहीत होते. मी घाबरून सौ.ला म्हटले, "अगं, तुझा भाऊ एका शनिवारात जाऊन येतो म्हणतोय!" मग उलगडा झाला, की केटूएस म्हणजे कात्रज टू सिंहगड. रात्रभर टेकड्यांमागून टेकड्या चढायच्या आणि उतरायच्या आणि पहाटे सिंहगडाला भिडायचे. पुढे कळले की एएमके म्हणजे अलंग-मदन-कुलंग. किल्ल्यांची नावे ऐकायला काय सुरेख आहेत! पण पूर्ण नाव घ्यायला लागणारा वेळही या लोकांना चढाईत वळता करून घ्यायचा असतो.

या मेहुण्याच्या नादाने, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, मी एक संकल्प सोडला. पन्नाशीच्या आत पन्नास किल्ले! माणूस कॉमर्सचा असल्यामुळे मी त्याची रीतसर वही घातली. तारीख, किल्ला, चढायला लागलेला वेळ, उतरायला लागलेला वेळ, शेरा. नियमही केले. एकदा गेलेला किल्ला दुसऱ्यांदा धरायचा नाही. गाडीरस्त्याने गेलेला धरायचा नाही. बायकोमुलांबरोबर गेलेला तर मुळीच धरायचा नाही, कारण त्यात वाटेत बसावे लागते.

बँकेत आम्हांला टार्गेट देतात. अमुक खाती उघडा, तमुक विमे विका. त्या टार्गेटच्या नावाने आम्ही वर्षभर बोटे मोडतो. आणि असा मी, सुट्टीच्या दिवशी, पदरच्या पैशाने, कोणी मागितलेले नसताना, स्वतःला आणखी एक टार्गेट लावून घेतले. कैद्याने रविवारी विरंगुळा म्हणून घरी खडी फोडावी, तसाच हा प्रकार. पण तेव्हा हे सुचले नाही. तेव्हा वहीत एकतिसावा आकडा पडला होता आणि मी खूश होतो.

त्या सुमारास एकदा बाबा म्हणाले, "एकदा सिंहगडावर जाऊ या रे."

बाबा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे. पोस्टातून निवृत्त झालेले. मी लहान असताना तेच मला सिंहगडावर नेत. स्वारगेटहून बस, पायथ्याला उतरून आतकरवाडीची वाट. त्यांच्या चढण्याला वेग नावाची गोष्टच नव्हती. वाटेत जी दहीवाली भेटेल तिच्यापाशी बसायचे, तिच्या मुलाबाळांची चौकशी करायची, मडक्यातले दही खायचे, आणि उठताना "अजून थोडंच राहिलंय" असे मला खोटे सांगायचे. वर पोचून देवटाक्याचे पाणी प्यायचे आणि कल्याण दरवाज्याशी जाऊन बसायचे. तिथे बाबा काहीही करीत नसत. नुसते बसत. मी "आता काय करायचं?" असे विचारले की म्हणत, "हेच."

तर ते म्हणाले, "एकदा जाऊ. कल्याण दरवाज्याशी बसू. दही खाऊ."

आणि मी काय उत्तर दिले असेल? मी म्हणालो, "बाबा, सिंहगड झालाय माझा."

वाचकहो, हे वाक्य मी आपल्यासमोर मुद्दाम ठेवतो आहे. मराठीत जेवण होते, आंघोळ होते, परीक्षा होते. झाली की सुटलो. त्याच क्रियापदाने मी सिंहगड उरकून टाकला होता. बाबा काही बोलले नाहीत. "बरं," म्हणाले, आणि पेपरातले कोडे सोडवायला लागले. मी पुढे पुस्तीही जोडली, "एएमके होऊ दे, मग बघू."

अशा रीतीने डोंगर उरकत असताना मी काय काय पाहिले नाही, त्याची वही घातली असती तर ती पहिल्या वहीपेक्षा जाड झाली असती. कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. बारी गावातून वाट निघते, कड्याला लोखंडी शिड्या आहेत, माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ आहे. मी तिथे जाऊन आलो. वेळ वहीत आहे. पुढच्या आठवड्यात कॅशमधल्या एका बाईंनी विचारले, "कारवी फुललीय ना तिकडे?" कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. ती फुलते तेव्हा अख्खे उतार निळेजांभळे होतात. बाईंनी कोणाकडून तरी आलेला फोटो दाखवला. फोटोत मागे शिडी होती. तीच शिडी मी दोन दिवसांपूर्वी तीन मिनिटांत चढलो होतो! मला आठवली ती फक्त पुढच्या माणसाच्या बुटांची टाच. तिच्यावर कंपनीचे नाव होते, तेवढे स्पष्ट वाचले होते.

आता गुडघ्याकडे येतो. तो येणारच होता.

बी.कॉम.ला आम्हांला घसारा शिकवला होता. मालमत्तेची झीज मांडायच्या दोन पद्धती, सरळ रेषेची आणि घटत्या शिलकीची. गुडघा तिसऱ्याच पद्धतीने झिजतो. दोन वर्षे ताळेबंदात काहीच दाखवीत नाही आणि एका रविवारी सगळे एकदम खर्ची टाकतो. एएमकेच्या सरावासाठी मी दर रविवारी सिंहगड घड्याळ लावून चढत आणि उतरत होतो. चढताना दमते छाती आणि उतरताना मार खातो गुडघा, एवढे साधे गणित. मोहिमेला दोन आठवडे राहिले असताना, आतकरवाडीच्या वाटेवर, स्वतःचाच विक्रम चाळीस सेकंदांनी मोडण्याच्या बेतात असताना, गुडघ्यात काहीतरी 'कट' म्हणाले. डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली. त्यांनी विचारले, "एवढी कसली घाई होती?" मला उत्तर देता आले नाही. घड्याळ मात्र मनगटावर चालूच होते.

मेहुणा भेटायला आला. त्याला हसू आवरेना. "दाजी, गड आला, पण गुडघा गेला!"

त्याला माझ्या उशापायथ्याशी बसवून त्याच्या एव्हरेस्ट बेसकँपच्या सहलीचे फोटो पाहणे एवढेच हाती होते. यापूर्वी मी ते तीनदा पाहिले होते, पण पळत. या वेळी सावकाश पाहिले. पाहता पाहता एक गोष्ट लक्षात आली. एका दुकानात मेहुणा केक खातो आहे. पुढच्या फोटोत, त्याच दुकानात, निराळ्या शर्टात, निराळा केक.

"हे कुठलं?"

"नामचे. ३४४० मीटर. तिथल्या बेकऱ्या फार छान आहेत."

"दोन दिवस केक खात होतास?"

"अहो दाजी, तो रेस्ट डे असतो. थांबावंच लागतं. पुढे दिंगबोचेलाही एक दिवस थांबलो."

मी उशीवरून उठून बसलो. म्हणजे ५३६४ मीटरवरच्या बेसकँपला जाणारा हा महापराक्रमी मनुष्य वाटेत बेकरीत बसून राहतो आणि ते बसणे मोहिमेच्या कार्यक्रमात छापलेले असते! मग मी थोडी चौकशी केली. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावे, असे डॉक्टर मंडळी सांगतात. नाहीतर विरळ हवेत डोके धरते, उलट्या होतात, आणि दुर्लक्ष केले तर माणूस जिवानिशी जातो. खुद्द एव्हरेस्ट चढणारेसुद्धा एका दमात वर जात नाहीत. वरच्या तळावर जायचे, परत खाली यायचे, खायचे, झोपायचे, पुन्हा जायचे, असे आठवडेच्या आठवडे चालते. थोडक्यात, जगातल्या सर्वांत उंच शिखराच्या चढाईत कितीतरी दिवस अधिकृतपणे आळसात काढायचे असतात. तो आळस वजा केला तर शिखर मिळत नाही. आणि आम्ही मात्र सिंहगडावर दह्यापाशी पाच मिनिटे टेकलो तर ती चढाईतून वजा करतो!

हे तत्त्व एखाद्या बँकवाल्याला समजायला दोन वर्षे लागावीत ही शरमेची गोष्ट आहे. प्रत्येक बँकेला ठेवींचा काही हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावा लागतो. याला रोख राखीव प्रमाण म्हणतात. त्या पैशावर बँकेला व्याज मिळत नाही. हिशेबनीसाला तो पैसा नुसता पडून राहिलेला दिसतो. पण सगळीच्या सगळी रक्कम चढ्या व्याजाने कर्जाऊ वाटून टाकली, तर ज्या दिवशी खातेदार दारात उभे राहतील त्या दिवशी शटर ओढायची पाळी येईल. सोप्या सहली म्हणजे डोंगरवाल्याची ही राखीव रोकड आहे. तिच्यावर व्याज नाही. ऑफिसात सांगायला काही मिळत नाही. पण तिच्याच जिवावर पुढची मोठी उलाढाल चालते. मी माझी सगळी ठेव एएमकेत घातली आणि आतकरवाडीच्या वाटेवर गुडघ्याने पैसे काढायला रांग लावली.

इथपर्यंत वाचून काही मंडळी खुशीत मान डोलवायला लागली असतील. विशेषतः दारापर्यंत गाडी नेणारी. "आम्ही हेच सांगत होतो! काय असतं हो त्या डोंगरात? दगडच ना! भजी खावी, फोटो काढावा, परत यावं." त्या मंडळींनी मान थांबवावी. हा लेख त्यांच्या बाजूने नाही. विश्रांती घ्यायला आधी दमावे लागते, हे त्यांनी लक्षात घेतलेले नाही. वर्षानुवर्षे जे फक्त भजी खातात, त्यांना काही काळाने भजीसुद्धा टेबलावर आणून हवी असतात. माझ्यासारख्या कारकुनाचे पाय पलंग ते स्कूटर आणि स्कूटर ते काउंटर एवढ्यातच पंचेचाळिशी गाठतात. समोर एखादा अवघड डोंगर ठेवला नाही, तर पहाटे पाचला कोण उठणार? एएमके माझ्या भिंतीवर नसते, तर मी जिन्याला कधी पाय लावला नसता, बँकेतल्या समोश्याला नाही म्हटले नसते. ध्येय हवेच. ते जरा आपल्या उंचीच्या वरचेच हवे. माझे म्हणणे एवढेच, की ते भिंतीवर असावे, मानगुटीवर नसावे.

अलंग-मदन-कुलंग पुढच्या वर्षी झाले. (हे 'झाले' लिहिताना मी बिचकलो, पण असो.) इंग्रजांनी १८१८ साली इकडचे किल्ले घेतल्यावर त्यांच्या वाटांवरच्या पायऱ्या सुरुंगांनी उडवल्या. त्यामुळे अलंग आणि मदनवर दोराने चढावे लागते. मी जाणकार मंडळींबरोबर गेलो आणि सर्वांत शेवटी चढलो. दोराला लटकलेला असताना पोटात जो गोळा आला तो मला पन्नास वर्षे पुरेल. खाली बघितले, वर बघितले, आणि आयुष्यात प्रथमच "किती वेळ लागतोय" हा विचार डोक्यातून पार गेला. त्या भीतीचे आणि नंतरच्या आनंदाचे मोल मी कमी करणार नाही. सोप्या वाटेवर ते मिळत नाही.

पण या वर्षभरात मी निराळ्या पद्धतीने तयारी केली होती. २०१५ च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी मिळाली. ज्याने हे दोन शनिवार निवडले त्याला डोंगरातले कळत असले पाहिजे. दुसरा शनिवार कष्टाचा. त्या दिवशी चढ, घाम, पाठीवर ओझे. चौथा शनिवार आळसाचा. त्या दिवशी घड्याळ घरी. कधी लोहगडाच्या पायऱ्या, बायकोच्या चालीने. कधी राजमाचीची लांबलचक सपाट वाट. कधी नुसती वेताळ टेकडी आणि खाली येऊन चहा. आणि नियम असा, की चौथ्या शनिवारचा हिशेब कोणालाही द्यायचा नाही. मेहुण्याला तर नाहीच.

पहिल्याच चौथ्या शनिवारी मी बाबांना म्हणालो, "चला, सिंहगडावर जाऊ."

बाबा तेव्हा शहात्तर वर्षांचे झाले होते. त्यांनी विचारले, "तुझा झालाय ना?"

आम्ही गाडीने वर गेलो. आतकरवाडीच्या वाटेचा प्रश्नच नव्हता. मला वाटले होते, गाडीतून उतरले की दोघे रमतगमत कल्याण दरवाज्यापर्यंत जाऊ. पुणे दरवाज्याच्या पायऱ्यांवर बाबा तीनदा थांबले. माझाही गुडघा कुरकुरत होता, त्यामुळे मीही तीनदा थांबलो. लोक आम्हांला "साइड, साइड" करत पुढे जात होते. देवटाक्यापाशी पोचल्यावर बाबा एका दगडावर टेकले. धाप लागली होती. मग कल्याण दरवाज्याच्या दिशेला हात करून म्हणाले, "तू जाऊन ये. मी बसतो इथे."

दोन वर्षांपूर्वी त्यांनी विचारले होते, तेव्हा ते तिथवर सहज चालत गेले असते. तेव्हा माझ्या वहीत रकाना नव्हता.

मी गेलो नाही. दगडावर त्यांच्या शेजारी बसलो. दहीवाली आली. बाबांनी तिला तिच्या मुलाबाळांची चौकशी केली. मुलगा पुण्यात गॅरेजमध्ये होता, सुनेला नुकतीच मुलगी झाली होती. मडक्यातले दही अजून तसेच आहे. तास-दीड तास आम्ही काही केले नाही.

"आता काय करायचं?" मी सवयीने विचारले.

"हेच," बाबा म्हणाले.

संध्याकाळी घरी आलो तर मेहुणा येऊन बसला होता. हल्ली तो नव्या यादीत गुंतला आहे. युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. मेहुण्याने बाराची बारा नावे कपाटाच्या दारावर चिकटवून खुणा करायला सुरुवात केली आहे. त्यातला जिंजी तामिळनाडूत आहे आणि खांदेरी समुद्रात आहे. खांदेरीला "किती वेळात?" हा प्रश्न नावाड्याला विचारायचा की मेहुण्याला, हे अजून ठरायचे आहे. त्या संध्याकाळी ही यादी यायची होती, पण सवय तीच. आम्हांला दोघांना लंगडत आत येताना पाहून त्याने विचारलेच.

"सिंहगड का काका? किती वेळात?"

बाबांनी चपला काढल्या, खुर्चीत बसले, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, आणि सावकाश म्हणाले,

"शहात्तर वर्षं. त्यातली शेवटची दोन तुझ्या दाजींनी लावली."